आधी भीती, मग हशा

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई,

मी मूळची नाशिक रोडची. लग्नानंतर इंग्लंडला आले आणि आता पूर्व किनाऱ्यावरच्या एका लहान गावात राहते. इथल्या हौशी नाट्यसंस्थेत आधी बॅकस्टेज केलं, मग प्रॉम्प्टिंग, मग छोट्या भूमिका. यंदा कमिटीनं पहिल्यांदाच दिग्दर्शन माझ्याकडे दिलंय. नाटक आहे 'डॅड्स आर्मी', म्हणजे टीव्हीवरच्या त्या प्रसिद्ध युद्धकाळातल्या विनोदी मालिकेचं रंगमंचीय रूप. संहितेत मालिकेचे तीन भाग आहेत: 'द डेडली अटॅचमेंट', 'मम्स आर्मी' आणि 'द गोडायव्हा अफेअर'.

अडचणी अशा. आमचे नट टीव्हीवरच्या नटांची हुबेहूब नक्कल पाठ करून येतात. ती चांगली वठते, तरी तालीम कंटाळवाणी होते. का, ते मला पकडता येत नाही. हॉल चर्चचा, स्टेज लहान, विंगा नावापुरत्या. काही जुने उल्लेख आज तोंडात घ्यावेसे वाटत नाहीत. एक ज्येष्ठ सभासद सगळ्यांसमोर म्हणाले, की ही मालिका बाहेरून आलेल्या माणसाला आतून कळणं अवघड आहे. दुसऱ्या एकांनी, अगदी चांगल्या मनानं, सुचवलं की तू नाशिकची आहेस तर याच लेखकाची देवळालीवरची मालिका का करत नाहीस? आणि मनात असंही आहे, की पुढे हेच नाटक इकडच्या मराठी मंडळींसाठी मराठीत करावं, गाव कोकणात नेऊन. जमेल का?

एक वाचक

उत्तर

नमस्कार.

अभिनंदन. हौशी संस्थेची कमिटी कुणाला पहिलं दिग्दर्शन देते तेव्हा तिनं त्या माणसाचं बॅकस्टेजचं काम बारकाईनं पाहिलेलं असतं, हे लक्षात असू द्या. आता कामाचं बोलू.

नक्कल वठूनही तालीम कंटाळवाणी का होते, हा तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा प्रश्न आहे. तुमच्या नटांना टीव्हीवरच्या माणसांचे हावभाव पाठ आहेत, पण त्या माणसांना वाटणारी भीती त्यांच्यापर्यंत पोचलेली नाही, असं मला वाटतं. नाटकातली ही गावकऱ्यांची पलटण खरोखर घाबरलेली आहे. जर्मन येणार, कदाचित आज रात्रीच, आणि आले तर आपणच त्यांना अडवायचं, यावर तिचा पक्का विश्वास आहे. हा विश्वास स्टेजवर उभा राहिला की हशा मागोमाग येतो. तो नसला की नुसत्या टोप्या आणि मिशा उरतात.

इतर वाचकांसाठी थोडी ओळख. 'डॅड्स आर्मी' ही बीबीसीची मालिका ३१ जुलै १९६८ ला सुरू झाली आणि नोव्हेंबर १९७७ पर्यंत चालली. एकूण ८० भाग. लेखक जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं वॉल्मिंग्टन-ऑन-सी नावाचं काल्पनिक गाव, आणि वयामुळे किंवा तब्येतीमुळे सैन्यात जाऊ न शकलेल्यांची होमगार्डची पलटण. गावच्या बँकेचा मॅनेजर मेनरिंग हा कॅप्टन. बँकेतला त्याचा हाताखालचा माणूस विल्सन, तो सार्जंट. खाटीक जोन्स लान्स कॉर्पोरल. मग अंत्यसंस्कारांचा व्यवसाय करणारा स्कॉटिश फ्रेझर, काळाबाजारात तरबेज वॉकर, मवाळ म्हातारा गॉडफ्री आणि आईनं गळ्यात मफलर गुंडाळून पाठवलेला बँकेतला पोरगेला कारकून पाइक.

आता ती भीती कुठून आली ते नटांना तारखांसकट सांगा. १४ मे १९४० च्या संध्याकाळी युद्धमंत्री अँथनी ईडन रेडिओवर बोलले आणि सतरा ते पासष्ट वयाच्या पुरुषांना स्थानिक संरक्षणासाठी नाव नोंदवायला सांगितलं. पहिल्या चोवीस तासांत सुमारे अडीच लाख लोकांनी नाव दिलं. जुलैपर्यंत आकडा पंधरा लाखांच्या घरात गेला. मधल्या काळात डंकर्क झालं, म्हणजे फ्रान्सच्या त्या बंदरावर कोंडलेल्या सैन्याची सुटका. तीन लाख अडतीस हजार सैनिक समुद्रमार्गे परत आले, पण त्यांच्या तोफा, ट्रक, दारूगोळा सगळं फ्रान्सच्या किनाऱ्यावर राहिलं. जूनअखेर फ्रान्स पडलं होतं. डोव्हरहून समोरचा किनारा तेहेतीस-चौतीस किलोमीटर. हवा स्वच्छ असली तर नुसत्या डोळ्यांनी दिसतो. त्या उन्हाळ्यात दंडावर कापडी पट्टी बांधून, हातात झाडूचा दांडा किंवा घरातली शिकारीची बंदूक घेऊन ही माणसं रात्रभर किनाऱ्यावर पहारा देत होती. होमगार्डचे बाराशेहून अधिक लोक त्या युद्धात कामगिरीवर असताना किंवा जखमांनी मरण पावले. हा आकडा पहिल्या वाचनाच्या दिवशी मोठ्यानं सांगा. एकदाच सांगा, त्यावर भाषण नको.

जिमी पेरी स्वतः पोरवयात वॉटफर्डच्या होमगार्डमध्ये होते. पाइकमध्ये त्यांनी आपलंच तरुणपण घातलं. गॉडफ्री करणारे अर्नोल्ड रिडली मालिका सुरू झाली तेव्हा बहात्तर वर्षांचे होते. १९१६ मध्ये, पहिल्या महायुद्धातल्या फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत ते जबर जखमी झाले होते आणि १९४० मध्ये पुन्हा फ्रान्सला गेले होते. जोन्सचं काम करणारे क्लाइव्ह डन यांनी ग्रीसमध्ये पकडले गेल्यावर ऑस्ट्रियात चार वर्षं युद्धकैदी म्हणून काढली. तुमचे नट ज्यांची नक्कल करताहेत त्या माणसांच्या अंगात युद्ध मुरलेलं होतं. गॉडफ्रीची लकब आज कुणीही उचलेल. त्या लकबीमागे काय होतं ते शोधायचं म्हणजेच तालीम.

गॉडफ्री करणाऱ्याला नोव्हेंबर १९६९ चा 'ब्रँडेड' हा भाग जरूर दाखवा, तुमच्या संहितेत नसला तरी. त्यात कळतं की गॉडफ्रीनं पहिल्या महायुद्धात शस्त्र धरायला नकार दिला होता. पलटण त्याला वाळीत टाकते. आणि मग कळतं की स्ट्रेचर वाहणारा म्हणून त्याच सोमच्या रणांगणावर त्याला शौर्यपदक मिळालं होतं. हे ज्या नटाला माहीत आहे तो 'मला जरा बाहेर जाऊन येता येईल का?' हे गॉडफ्रीचं नेहमीचं वाक्यसुद्धा वेगळ्या घरंदाजपणानं बोलेल.

नकलेविरुद्ध आणखी एक मुद्दा कमिटीपुढे ठेवा, तो ऐतिहासिक आहे म्हणून पटेल. पेरी आणि क्रॉफ्ट यांनी ही मालिका स्वतः रंगमंचावर आणली. १९७५ च्या सप्टेंबरात बिलिंगहॅमला पहिला प्रयोग, ऑक्टोबरपासून लंडनचं शाफ्ट्सबरी थिएटर, आणि १९७६ मध्ये दौरा. त्या प्रयोगात टीव्हीवरचे फ्रेझर जॉन लॉरी नव्हते. फ्रेझर दुसऱ्या नटानं केला. टीव्हीवरचे वॉकर जेम्स बेक १९७३ मध्येच वारले होते, त्यामुळे वॉकर जॉन बार्डन यांनी केला. मालिका टीव्हीवर चालू असताना, मूळ लेखकांच्या हाताखाली, दोन मुख्य भूमिका नव्या नटांनी केल्या आणि पलटण मोडली नाही. शिवाय त्यांनी टीव्हीचे भाग जसेच्या तसे उचलून ठेवले नव्हते. गाणी, नाच, त्या काळच्या विनोदी नटांच्या नकला आणि मधे मधे पलटणीचे प्रवेश असा त्याचा घाट होता. टीव्हीवर चाललेलं स्टेजवर तसंच चालत नाही हे ज्यांनी लिहिलं त्यांनाच सगळ्यात आधी कळलं होतं.

आणि दुसऱ्या मालिकासत्रातले तीन भाग असे आहेत की त्यांचं चित्रीकरणच उरलेलं नाही. बीबीसीनं त्या काळी टेप पुसल्या. त्या हरवलेल्या भागांचे पुढे रंगमंचावर प्रयोग झाले, पूर्णपणे नव्या नटसंचात. नक्कल करायला समोर चित्रच नव्हतं. होती फक्त संहिता. तुमच्या नटांना दोन महिने यूट्यूब बंद ठेवायला सांगा. 'ब्रँडेड'चा अपवाद.

आता एक प्रवेश जवळून पाहू, कारण प्रेक्षक त्याचीच वाट बघत येणार आहेत. 'द डेडली अटॅचमेंट'मध्ये पाणबुडीचा जर्मन कप्तान आणि त्याचे खलाशी रात्रभर पलटणीच्या ताब्यात आहेत. कप्तान खिशातून वही काढतो आणि आपला अपमान करणाऱ्यांची नावं लिहू लागतो: युद्ध जिंकल्यावर हिशेब चुकता करायचा म्हणून. पाइक हिटलरची खिल्ली उडवणारं गाणं म्हणतो. कप्तान म्हणतो, तुझंही नाव यादीत जाईल, काय नाव तुझं? आणि पाइक तोंड उघडायच्या आत मेनरिंग ओरडतो, त्याला सांगू नकोस, पाइक!

इंग्लंडात शाळकरी पोरांनाही हे वाक्य पाठ असतं. तुमचा मेनरिंग त्याच्या आधी थांबून प्रेक्षकांकडे एक क्षण बघणार, आणि हॉल ते वाक्य त्याच्याबरोबर म्हणणार. टाळ्या पडतील, पण प्रवेश तिथेच मरेल. मेनरिंगनं ते वाक्य एका पोराला वाचवायला म्हणायचं असतं. यादीत नाव गेलं तर उद्या जर्मन आल्यावर या पोराला भिंतीशी उभं करतील, हे त्याला त्या क्षणी दिसतं. म्हणून तो अजिबात न थांबता, कप्तानाच्या प्रश्नाच्या शेपटावर पाय देऊन ओरडतो. इतकी घाई, इतकी माया, आणि त्या घाईतच नाव फुटतं. ज्याला ते वाक्य वर्षानुवर्षं पाठ आहे असा प्रेक्षकही तिथे नव्यानं हसेल.

मांडणीही त्याच हिशेबानं. टीव्हीवर कॅमेरा कप्तान, पाइक, मेनरिंग असा चेहऱ्या-चेहऱ्यावर उड्या मारतो. तुमच्याकडे कॅमेरा नाही, तेव्हा तिघांना त्रिकोणात ठेवा. कप्तान मध्यभागी, वही प्रेक्षकांना दिसेल अशी. पाइक एका टोकाला, उजेडात, तोंड उघडायच्या तयारीत. मेनरिंग दुसऱ्या टोकाला, दोघांनाही पाहू शकेल असा. बाकी सगळ्यांनी त्या वेळी स्तब्ध राहायचं. हौशी प्रयोगात विनोद जातो तो बहुधा अशा ठिकाणी, मागे कुणीतरी टोपी सारखी करतो म्हणून. आणि विल्सन? जॉन ल मेझरर यांची भुवई किंचित वर जायची आणि घराघरांत हशा पिकायचा. तुमच्या शेवटच्या रांगेला भुवई दिसत नाही. तुमच्या विल्सनला काहीतरी अंगानं करायला हवं, पण तेही कमीत कमी: मेनरिंगच्या वाक्यानंतर त्यानं सावकाश मान खाली घालून बुटांकडे पाहिलं तरी पुरे.

मेनरिंग आणि विल्सन यांच्यातलं नातं तुम्हाला समजावून सांगायला नको. एक कष्टानं, परीक्षा देत, पायरी-पायरीनं वर आलेला. दुसरा मोठ्या घरातला, महागड्या शाळेतला, काहीही न करता सगळ्यांना आवडणारा. हुद्द्यानं पहिला मोठा, पण दुसरा खोलीत आला की पहिल्याला आपलं लहानपण आठवतं. असे साहेब आणि त्यांचे हाताखालचे आपण मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांत ढिगानं पाहिलेत. मेनरिंग फुगीर आहे, गर्विष्ठ आहे, पण भित्रा कधीच नाही. कप्तानापुढे पिस्तूल रोखून उभं राहायची वेळ आली तर तो पहिला पुढे होतो. टीव्हीवर आर्थर लो यांनी हे धैर्य एका क्षणासाठीही सोडलं नाही. नटानं मेनरिंगला विदूषक केलं तर प्रयोग पहिल्या वीस मिनिटांत संपला म्हणून समजा.

जोन्सचंही तेच. 'डोन्ट पॅनिक!' असं ओरडत तो सैरावैरा धावतो, कारण सगळ्यात जास्त तोच गांगरलेला असतो. कवायतीत तो नेहमी सगळ्यांच्या मागून सावधान होतो. हा विनोद हमखास आहे, पण त्याची मेहनत जोन्सला नाही, बाकीच्यांना करावी लागते. सात जणांच्या टाचा एका ठोक्यात वाजल्या तरच आठवी मागून वाजलेली कळते. सगळेच मागेपुढे वाजले तर प्रेक्षकांना वाटेल नटांनी तालीम केली नाही. गावात सैन्यातून निवृत्त झालेला कुणीतरी असेलच. त्याला बोलावून पहिले पंधरा दिवस रोज थोडी कवायत करून घ्या.

लहान स्टेजची काळजी करू नका. ही मालिका मुळात चर्चच्या हॉलमध्येच घडते, आणि तुमच्याकडे चर्चचा हॉल आहे. प्रेक्षक आधीच वॉल्मिंग्टनमध्ये बसलेले आहेत. मधली वाट पलटणीच्या एन्ट्रीसाठी वापरा. एका कोपऱ्यात लेव्हल (उंच चौथरा) देऊन मेनरिंगचं ऑफिस करा आणि ते कायम तिथेच राहू द्या. मधल्या जागेत टेबल-खुर्च्या हलवून सगळं होतं, आणि त्या हलवायचं काम पलटणीतल्या शिपायांनाच कवायतीत द्या, म्हणजे काळोख करावा लागणार नाही. विनोदी नाटकात प्रत्येक काळोखात हशा थंड होतो आणि पुन्हा पेटवावा लागतो. टीव्हीवर बाहेरचे प्रवेश नॉरफकमधल्या थेटफर्डच्या परिसरात चित्रित व्हायचे. ते पडद्यावर दाखवायचा मोह कुणाला झाला तर नाही म्हणा. विंगेकडे बघून घाबरणारा माणूस प्रोजेक्टरपेक्षा जास्त दाखवतो.

तीन भागांचा क्रम संहितेत ठरलेला असेल तर प्रश्न नाही. बदलायची मुभा असेल तर मी असा ठेवीन: आधी 'डेडली अटॅचमेंट', म्हणजे शत्रू हॉलमध्ये येऊन जातो आणि युद्ध खरं आहे हे ठसतं. मग 'मम्स आर्मी'. स्त्रियांना पलटणीत घेतलं जातं आणि मेनरिंग मिसेस ग्रे या शालीन बाईत गुंततो. शेवटी रेल्वे स्टेशनवर ती निघून जाते. १९७० च्या त्या भागात कार्मेन सिल्व्हेरा यांनी ती भूमिका केली होती. त्या निरोपात एकही हशा मागू नका. आला तर येऊ द्या, पण नटानं त्यासाठी हात पसरायचा नाही. तिथेच मध्यंतर. मग 'गोडायव्हा' (दंतकथेतली, विवस्त्र घोड्यावरून गावातून गेलेली उमराव स्त्री), गावची मिरवणूक, स्पिटफायर विमानासाठी निधी, नाच, सगळा संच स्टेजवर. आता पाहा, या क्रमात एक गोष्ट आपोआप तयार होते. मेनरिंगची बायको एलिझाबेथ मालिकेत कधी दिसत नाही. ती फोनवर असते, वरच्या मजल्यावर असते, प्रेक्षकांसमोर मात्र येत नाही. 'मम्स आर्मी'त आपण या माणसाच्या घरातलं एकटेपण पाहिलेलं असतं. म्हणून 'गोडायव्हा'च्या शेवटी एलिझाबेथच्या नावानं जो तडाखा बसतो तो नुसता चुटका राहत नाही. तीन सुट्या भागांना मेनरिंगच्या संसाराचा धागा मिळतो, आणि दोन तास माणसं तेवढ्यासाठी बसतात.

आता खटकणारे उल्लेख. जोन्स १८९८ च्या ऑमडर्मनच्या लढाईच्या आठवणी सांगतो आणि सुदानी योद्ध्यांसाठी त्या काळचा तुच्छतेचा शब्द वापरतो. त्या लढाईत एका सकाळीत दहा हजारांहून अधिक सुदानी मारले गेले. मशीनगनपुढे त्यांची माणसं पडत गेली. तुम्हाला तो शब्द आपल्या प्रयोगात नको असेल तर ते रास्त आहे आणि त्यासाठी कुणाची माफी मागायला नको. पण परस्पर गाळू नका. नेमकं कुठलं वाक्य, त्याजागी काय, असं लिहून हक्कधारकांकडे परवानगी मागा. जोन्सच्या आठवणी मात्र ठेवा. साम्राज्याच्या लढाया लढलेला आणि त्यापलीकडे जग नसलेला म्हातारा आहे तो, तसाच दिसू द्या.

देवळालीच्या सूचनेला माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. 'इट एन्ट हाफ हॉट मम' ही मालिका १९७४ ते १९८१ चालली, तीही पेरी-क्रॉफ्ट यांचीच. देवळालीच्या छावणीतल्या तोफखान्याच्या करमणूक पथकाची ती कथा आहे. पेरी स्वतः तोफखान्यात भरती होऊन भारतात आले होते आणि अशा पथकात त्यांनी काम केलं होतं. त्यामुळे छावणीतली मजा त्यात अस्सल आहे. पण रंगी राम हे मुख्य भारतीय पात्र मायकेल बेट्स या गोऱ्या नटानं चेहरा सावळा रंगवून केलं. त्यांचा जन्म झाशीचा, हिंदुस्थानी बोलता यायचं, हे खरं. तरी चेहरा रंगवलेलाच. भारतीय माणसं तिथे बहुतेक वेळा हसू आणण्यापुरती आहेत. नाशिक रोडच्या मुलीनं आपल्या शेजारच्या गावाचं ते चित्र आपल्या हातानं पुन्हा उभं करावं, असं मला वाटत नाही. सुचवणाऱ्याचं मन चांगलं होतं असं तुम्ही म्हणता, तर त्यांना हे कारण शांतपणे सांगा. त्यांना ते ठाऊक नसेल.

राहिले ते ज्येष्ठ सभासद. त्यांना सगळ्यांसमोर उत्तर देऊ नका. पण मनात ही गोष्ट पक्की ठेवा की हे युद्ध आपल्यासाठी परकं नाही. त्या युद्धात भारतीय सैन्य पंचवीस लाखांपर्यंत गेलं, सगळे स्वेच्छेनं भरती झालेले. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत मशीनगनच्या ठाण्यावर एकटे चालून गेले आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मुंबई-गोवा रस्त्यावर माणगावला त्यांचा पुतळा आहे. शिपाई नामदेव जाधवांना १९४५ मध्ये त्याच इटलीत तो मिळाला. हे तालमीत ऐकवायला नको, वादासाठी तर नकोच. स्वतःचे खांदे ताठ राहावेत म्हणून सांगते.

त्या गृहस्थांकडे तुम्ही स्वतः जा, एकट्या. त्यांच्या वडिलांनी किंवा आजोबांनी होमगार्डमध्ये काम केलं होतं का, घरात फोटो, दंडपट्टी, पत्रं आहेत का, असं विचारा. पूर्व किनाऱ्यावर त्या काळची काँक्रीटची मोर्चेबंदी अजून जागोजाग उभी आहे; कुठली कुणी बांधली, रात्री पहारा कुठे असायचा, हे गावात कुणाला ना कुणाला माहीत असतं. त्यांना म्हणा, पहिल्या वाचनाला अर्धा तास तुम्ही बोला. ते जे बोलतील ते नटांना माझ्या या पत्रापेक्षा जास्त उपयोगी पडेल. आणि बाहेरून आलेल्या माणसाला एक गोष्ट सहज जमते, ती म्हणजे सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट पहिल्यांदा वाचावी तशी वाचणं. तुम्ही पत्रात लिहिलंय की नक्कल वठली तरी कंटाळा येतो. मालिकेवर लहानपणापासून प्रेम करणाऱ्याला हे दिसलं नसतं. तुम्हाला दिसलं.

दोन कोरड्या पण टाळता न येणाऱ्या गोष्टी. बंदुका नकली असल्या तरी इंग्लंडचा कायदा त्याबाबत कडक आहे. त्या हॉलमध्ये कुलपात राहू द्या, एकाच माणसाच्या जबाबदारीवर, आणि गणवेशात बंदूक खांद्यावर टाकून कुणी रस्त्यानं फोटो काढत फिरणार नाही हे बघा. स्थानिक पोलिसांना आधी कळवून ठेवा. दुसरं, सुरुवातीचं प्रसिद्ध गाणं पेरी आणि डेरेक टॅव्हर्नर यांचं आहे, टीव्हीवर ते बड फ्लॅनगन यांनी गायलं. नाटकाच्या परवान्यात गाणं आणि चित्रीकरण येतं का, हे वेगळं विचारून लेखी घ्या.

आणि मराठी प्रयोग. करा, मला फार आवडेल. पण गाव कोकणात नेऊ नका. १९४० साली वॉल्मिंग्टनचा मॅनेजर आपल्या देशासाठी उभा असतो. तोच माणूस रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आणला की तो इंग्रजांच्या वतीनं पहारा देतो. १९३९ मध्ये काँग्रेसच्या प्रांतिक सरकारांनी राजीनामे दिले होते ते नेमके या युद्धात न विचारता ओढल्याबद्दल. ऑगस्ट १९४२ नंतर तर किनाऱ्यावरच्या गावागावांत पोलीस भूमिगतांना शोधत होते. त्या गावात मेनरिंग हा वेगळाच माणूस होईल, त्याला बघून प्रेक्षकांना माया वाटणार नाही, आणि पाइकचं नाव यादीत घालणारा जर्मन असेल की साहेब, हाच प्रश्न पडेल. तो नाटकाचा उत्तम विषय आहे, पण दुसऱ्या नाटकाचा, आणि ते तुम्ही कधीतरी स्वतः लिहावं. पेरी-क्रॉफ्ट मराठीत आणायचे असतील तर वॉल्मिंग्टन वॉल्मिंग्टनच राहू द्या, नावंही तीच ठेवा, आणि माणसं साध्या घरगुती मराठीत बोलू द्या. भाषांतराची परवानगी प्रयोगाच्या परवान्याहून वेगळी असते आणि यायला वेळ लागू शकतो. म्हणून ते पत्र इंग्रजी प्रयोगाची वाट न बघता या आठवड्यातच पाठवा. हक्कधारक विचारतील की मराठी प्रयोग कुठे, किती आणि तिकीट लावून का. तेवढी माहिती मंडळींकडून आधी घेऊन ठेवा.